क्रिस्टल सिंक्रोट्रॉनला पाठवले म्हणजे संशोधन आपलं राहत नाही म्हणे!

केगावकर
काल जुना_प्राध्यापक सरांनी लिहिलेलं वाचलं आणि डोक्यातून जाईना म्हणून सविस्तर लिहितोय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की सोलापूरच्या लॅबनं प्रोटीनचे क्रिस्टल डब्यात घालून सिंक्रोट्रॉनला (जिथं क्ष-किरणांचा तीव्र झोत, म्हणजे बीम, मिळतो) पाठवायचे, तिथल्या शास्त्रज्ञांनी डेटा घ्यायचा, स्ट्रक्चरही (प्रोटीनमधल्या अणूंची रचना) त्यांनीच सोडवून द्यायचं आणि आपण पेपरवर नाव लावायचं, ही कुरिअरगिरी आहे, संशोधन नव्हे. सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे अजिबात पटलं नाही.

डाळिंबावरच्या तेल्याचा जो जिवाणू आहे, झँथोमोनास, त्याचं एक एन्झाइम आमच्याकडे चालू आहे. जीन ई. कोलायमध्ये घालायचा, प्रोटीन काढायचं, निकेल कॉलमवरून शुद्ध करायचं, मग ट्रेमधल्या एकेका खड्ड्यावर काचेला थेंब उलटा लटकवायचा. थेंबात प्रोटीन आणि पेग (क्रिस्टल पाडायला वापरतात ते पॉलिमर), खाली पेगचंच जास्त तीव्र द्रावण, थेंबातलं पाणी हळूहळू उडून खाली जातं आणि जमलं तर क्रिस्टल, नाहीतर गाळ. आता हे सगळं सोलापूरच्या एप्रिल-मे मध्ये करून बघा. रात्री लाइट जाते, 20 डिग्रीवर ठेवलेला इनक्युबेटर बंद पडतो, खोली तापते, सकाळी मायक्रोस्कोपखाली बघावं तर काल ज्या थेंबात छान सुया दिसत होत्या तिथं तपकिरी गाळ. त्यातून जो क्रिस्टल हाताशी लागतो तो माझ्या विद्यार्थिनीचा आहे. बीम दुसऱ्याचा म्हणून तो परका होत नाही. सूत आपलं, डिझाइन आपलं, माग दुसऱ्याचा, म्हणून चादर सोलापूरची राहत नाही का?

जुना_प्राध्यापक
गाळाचं दुःख मला सांगू नका, मी त्यातच केस पांढरे केलेत. माझा मुद्दा विद्यार्थ्यांचा आहे आणि त्याला तुम्ही हातच लावला नाही. मागे एका व्हायवाला बसलो होतो, कुठल्या ते सांगत नाही. मुलगी हुशार, प्रोटीनचं काम स्वच्छ. विचारलं, बाळ, हा स्पेस ग्रुप (क्रिस्टलमधल्या रेणूंच्या मांडणीची सममिती) कशावरून ठरवला? म्हणाली, सर, तो बीमलाइनवाल्यांनी दिला. रिझोल्यूशन, म्हणजे डेटाचा बारकावा, 2.4 अँगस्ट्रॉमवर का तोडलं? तेही त्यांनीच. आर-फ्री (बाजूला ठेवलेल्या डेटावर मॉडेल तपासायचा आकडा) म्हणजे काय, तर गप्प. पीएचडी मिळाली तिला. ह्यात तिची चूक नाही, पण कुणीतरी तिला फसवलं की नाही? हे "कोलॅबोरेटिव्ह सर्व्हिस" नावाचं प्रकरण लहान गावांतल्या मुलांना कायमचं नमुने पुरवणारं करून ठेवणार.

आणि आपल्या इंदूरला काय धाड भरलीय? इंडस-2 आहे, 2.5 गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टची रिंग, 172 मीटर घेर, भाभा अणुसंशोधन केंद्रानं खास प्रोटीनसाठी बीएल-21 ही बीमलाइन (बीम वापरायचं केंद्र) उभी केली. पोरांना घेऊन जा, चार दिवस राहा, क्रिस्टल उचलायचा बारीक लूप हातानं लावायला शिकवा. घरचं सोडून फ्रान्समधल्या ग्रेनोबलची वाट कशाला?

माहेर_नवी_पेठ
सर, मी मूळची नवी पेठेतलीच, सध्या बाहेर पोस्टडॉक. "बीमलाइनवर जाऊन उभं राहणं" हे चित्र जुनं झालं. आता पकमध्ये (गोल चकतीसारख्या डबीत) क्रिस्टल लावलेल्या 16 पिना असतात, पक द्रव नायट्रोजनमध्ये, रोबोट एकेक पिन उचलून बीमसमोर धरतो. ग्रेनोबलच्या ईएसआरएफ या युरोपीय सिंक्रोट्रॉनला मॅसिफ-1 म्हणून बीमलाइन आहे तिथं क्रिस्टल बीममध्ये मधोमध आणण्यापासून डेटा घेण्यापर्यंत माणूस लागतच नाही. कोव्हिडमध्ये तर जगभर रिमोटवरच चाललं. म्हणजे तिथं जाऊनही पोरं खुर्चीत बसून स्क्रीनच बघणार.

इंदूरबद्दल. बीएल-21 वर मीसुद्धा काम केलंय, प्रेमानं बोलते, पण ती बेंडिंग मॅग्नेटवरची लाइन आहे, तिचा बीम त्या मानानं सौम्य. क्रिस्टल बऱ्यापैकी मोठा असेल तर तिथं उत्तम डेटा येतो, तिथंच घ्यावा. केगावकरांच्या सुया जर दहा-वीस मायक्रॉनच्या असतील तर अंड्युलेटर नावाच्या चुंबकरांगेचा बारीक, तीव्र बीम लागतो, तो तिथं नाही. ह्यात देशप्रेमाचा संबंध येत नाही. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानंच काही वर्षं ग्रेनोबलच्या बीएम14 या बीमलाइनमध्ये भागीदारी केली होती, ती काय उगाच? इटलीत त्रिएस्तच्या एलेट्रा सिंक्रोट्रॉनलाही भारत-इटली मिळून बीमलाइनी झाल्यात.

व्हायवाची गोष्ट मात्र खरी आहे. मीही तसे लोक पाहिलेत.

कोडवाला_जुळे_सोलापूर
काय भांडलालाव बे तुम्ही सगळे 😄 2024 चं नोबेल कशाला मिळालं? अल्फाफोल्ड, प्रोटीनच्या रचनेचा अंदाज करणारं एआय. प्रोटीनचा सिक्वेन्स टाका, चहा पिऊन या, स्ट्रक्चर तयार. 20 कोटींच्या वर प्रोटीन आधीच डेटाबेसमध्ये पडून आहेत. क्रिस्टल, सिंक्रोट्रॉन, हे सगळं पाच वर्षांत बंद होतंय बघा.

केगावकर
भाऊ, अल्फाफोल्ड शिकलं कशावर? प्रोटीन डेटा बँकेवर, म्हणजे सोडवलेल्या स्ट्रक्चरच्या साठ्यावर. ती 1971 पासून लोकांनी एकेक क्रिस्टल वाढवून भरलीय. आमच्या एन्झाइमचं मॉडेल आम्ही पहिल्याच दिवशी काढलं, फेज (इमेजमध्ये नोंदली न जाणारी, पण स्ट्रक्चर काढायला लागणारी माहिती) काढायला तेच वापरणार आहोत, त्यामुळे सेलेनियम घालून वेगळं प्रोटीन बनवायचा त्रास वाचतो, हे मान्य. पण आम्हाला बघायचंय की आमचं इनहिबिटर (एन्झाइम बंद पाडणारा रेणू) एन्झाइमच्या खिशात कसं बसतं, कुठली साखळी सरकते, पाण्याचा रेणू कुठं अडकतो. ते अंदाजानं चालत नाही. शेतकरी इतकी वर्षं स्ट्रेप्टोसायक्लिन आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड मारून मारून दमला आणि तेल्या जात नाहीये. त्याला द्यायचं औषध अंदाजावर बनवू का?

आणि सगळ्यांनी एक गोष्ट विसरलीय, ती म्हणजे लिक्विड नायट्रोजन. क्रिस्टल गोठवून उणे 196 ला ठेवायचे तर नायट्रोजन पुण्याहून आणावा लागतो, येईपर्यंत अर्धा उडालेला. इथल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत भरलेली कंटेनरं असतात, मी विचारलं तर मला वेड्यासारखं बघितलं.

पशुधन_मोहोळ
बघणारच की ओ. तुम्ही कंटेनर म्हणजे काय समजलात? त्यात सीमेनच्या कांड्या असतात. लेव्हल खाली गेली की कांड्या मेल्या. मग गावात म्हैस माजावर आलीय, फोन आला, गेलो, रेतन केलं, राहिली नाही. शेतकऱ्याचे 21 दिवस गेले, कारण पुढचा माज तेव्हाच. दूध त्या हिशोबानं लांबलं, बँकेचा हप्ता लांबत नाही. मी गाडीवर छोटं कॅन बांधून उन्हातनं फिरतोय वर्षानुवर्षं, झाकण थोडं जरी ढिलं राहिलं तरी संध्याकाळी काठी घालून लेव्हल बघताना पोटात गोळा येतोय. आणि तुम्ही म्हणणार थोडं द्या. थोडं म्हणजे किती?

केगावकर
सात-आठ लिटरनं क्रिस्टल गोठवायचं काम भागतं. ड्राय शिपरला (गोठवलेले क्रिस्टल पाठवायचा डबा) जास्त लागतो, त्याच्या आत सच्छिद्र पदार्थ असतो, तो भिजेपर्यंत पुन्हापुन्हा भरत राहावं लागतं, उकळणं थांबलं की उरलेला ओतून टाकायचा, मगच तो विमानात चालतो कारण सांडायला द्रव उरत नाही.

पशुधन_मोहोळ
ओतून टाकायचा?? उरलेला नायट्रोजन ओतून टाकता? इथं आम्ही थेंब थेंब जपलालोय आणि तुम्ही ओतून टाकलालाव. हे ऐकून तर एक लिटर देणार नाही.

माहेर_नवी_पेठ
दादा, ओतायचा म्हणजे मातीत नाही, परत मोठ्या ड्यूवरमध्ये (नायट्रोजन ठेवायच्या थर्मासमध्ये). तुमचा राग बरोबर आहे. आणि केगावकर, कृपा करून ड्यूवर कारच्या बंद काचेत आणू नका. एका लिटरचा सातशेच्या आसपास लिटर वायू होतो, ऑक्सिजन कमी पडतो आणि माणसाला कळतही नाही.

जुना_प्राध्यापक
बघा, हेच मी म्हणतोय! साधा नायट्रोजन मिळत नाही, लाइट टिकत नाही आणि आपण ग्रेनोबलच्या गप्पा मारतोय. आधी जनरेटर घ्या, नायट्रोजनची सोय करा.

केगावकर
सर, उलटं आहे. आमच्याकडं सगळं असतं तर मी पाठवलंच नसतं. सर्व्हिस आहे म्हणूनच आमच्यासारख्यांना दार उघडं आहे. पीअर रिव्ह्यूमधून प्रस्ताव पास झाला आणि निकाल प्रसिद्ध करणार असू तर बीमटाइमचे पैसे लागत नाहीत. खाजगी कंपनीसारखं गुपित ठेवायचं तरच मोजावे लागतात. नाहीतर हा एन्झाइम सोलापुरात कोण बघणार होतं? युरोपात डाळिंबाचा तेल्या कुणाच्या बांधावर आहे?

पशुधन_मोहोळ
डाळिंबाचं खरं आहे. आमच्या भावकीत दोघांनी बागा तोडल्या तेल्यापायी. तालुक्याला नायट्रोजनची गाडी येते तेव्हा सरकारी कॅनमधनं मी एक थेंब देणार नाही, ती म्हशीची आहे, पण गाडीवाल्याला विचारून तुमचं स्वतःचं ड्यूवर पैसे भरून भरता येतं का ते बघतो. पावती तुमच्या लॅबच्या नावानं.

कोडवाला_जुळे_सोलापूर
मूळ मुद्दा सोडून म्हशीवर गेलाव सगळे.

पशुधन_मोहोळ
म्हशीवर गेल्यामुळंच तुझ्या चहात दूध आहे.

माहेर_नवी_पेठ
मुद्द्यावर येते. सरांची भीती टाळायचा मार्ग आहे, पण तो पाठवणाऱ्यानं मागावा लागतो. मी एका लॅबमध्ये होते तिथं सर्व्हिसवाल्यांकडून फक्त शेवटचं मॉडेल यायचं, कच्च्या डिफ्रॅक्शन इमेज कधी मागवल्याच नाहीत. एकदा मागवल्या आणि उघडल्या तर 3.9, 3.67 आणि 3.44 अँगस्ट्रॉमवर बर्फाची कडी स्पष्ट दिसली. म्हणजे गोठवताना ग्लिसरॉल कमी पडलेला, चूक आमच्या बाजूची, आणि आम्ही मात्र महिनोन्‌महिने प्रोटीनलाच दोष देत बसलो होतो. त्या एका इमेजनं मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या वर्गानं नाही. इमेज घरी आल्या की प्रोसेसिंगची सॉफ्टवेअर शैक्षणिक वापराला फुकट आहेत, साध्या लिनक्स कॉम्प्युटरवर चालतात.

जुना_प्राध्यापक
हे आधी सांगायचं होतं. इमेज मागवतात का केगावकर तुम्ही? खरं सांगा.

केगावकर
मागवणार आहे. प्रस्तावातच लिहिलंय. विद्यार्थिनी आधी स्वतः इंडेक्सिंग (इमेजमधल्या ठिपक्यांवरून क्रिस्टलची मापं काढणं) करून स्पेस ग्रुप ठरवेल, मग तिकडच्यांशी ताडून बघेल. आणि नावांचं म्हणाल तर डेटा ज्यांनी घेतला, स्ट्रक्चर सोडवायला ज्यांनी मदत केली त्यांचं नाव पेपरवर यायलाच हवं, त्यात मला कमीपणा वाटत नाही. पहिलं नाव मात्र जिनं प्रोटीन वाढवलं तिचं.

जुना_प्राध्यापक
पहिल्या नावाबद्दल वाद नाही. बाकी माझं मत बदललेलं नाही, सर्व्हिसची सवय लागते आणि सवय लागली की इंदूरचा प्रस्ताव कुणी भरत नाही. मोठा क्रिस्टल मिळाला तर बीएल-21 लाच अर्ज करायचा, हे इथं लिहून द्या. आणि डेटा आला की त्या मुलीला माझ्याकडे पाठवा, आर-फ्री मी समजावतो, फी नको. समजलं नाही तर व्हायवाला सही करणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.

केगावकर
लिहून दिलं. आणि ती येईल, सर, सोमवारी कळवतो.

पशुधन_मोहोळ
ड्यूवर किती लिटरचं घेणार ते पण कळवा. गाडी आठवड्यातनं एकदाच येते.