लक्ष्याचा 'एक होता विदूषक' कुणी पूर्ण पाहिलाय का? मराठीतले खरे अंडररेटेड पिक्चर

पडदावेडा (लालबाग)

मराठीतले अंडररेटेड पिक्चर सांगा म्हटलं की पहिल्या पाच मिनिटांत सामना, सिंहासन, उंबरठा ही तीन नावं येणारच. तिन्ही जब्बार पटेलांचे आणि तिन्ही मला जीव की प्राण, पण ते अंडररेटेड कुठून झाले? सामना १९७५ ला बर्लिनला जाऊन आला, मारुती कांबळेचं काय झालं हे अजून अग्रलेखांत विचारलं जातं, आणि सिंहासनातला दिगू टिपणीस माहीत नाही असा मराठी पत्रकार मुंबईत शोधून सापडायचा नाही. ज्यांना मान मिळाला त्यांना उगाच बिचारं करू नका.

त्याच पटेलांचा १९९२ चा एक होता विदूषक किती जणांनी पूर्ण पाहिलाय ते सांगा. पटकथा-संवाद पुलंचे, गाणी महानोरांची, संगीत आनंद मोडकांचं, पैसा एनएफडीसीचा (म्हणजे सरकारी चित्रपट महामंडळाचा) आणि मेन रोलमध्ये लक्ष्मीकांत बेर्डे. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला आणि तरी थेटरात पडला, कारण लोक लक्ष्या म्हणून गेले आणि समोर आबुराव निघाला. तमाशाच्या फडात वाढलेलं पोर, आई नाचणारी (मधू कांबीकर काय दिसल्यात त्यात!), सोंगाड्या म्हणून नाव काढतो, तिथून सिनेमाचा स्टार होतो आणि तिथून पुढाऱ्यांच्या दावणीला बांधला जातो. लक्ष्याच्या नेहमीच्या लकबी आठवा, भुवया वर, मान गर्रकन, वाक्य अर्ध्यात तोडून भलतीकडे. फडावर उभा असताना ते सगळं इथेही आहे, पण प्रेक्षक नसले की तो चेहरा नुसता थांबतो, काहीच करत नाही, आणि ते बघवत नाही. हा माणूस गिरगावातला, साहित्य संघात नोकरी करत करत रंगमंचावर आलेला, त्याला हे सगळं येत होतं. आपण त्याच्याकडून दहा वर्षं एकच गोष्ट मागत राहिलो आणि डिसेंबर २००४ मध्ये पन्नाशीत तो गेला. मला याचा खरोखर राग येतो.

माहीमकर

भाऊ राग समजतो पण 'आपण एकच गोष्ट मागितली' हे पटत नाही. पब्लिकला दोष देणं सोपं असतं. मी विदूषक पाहिलाय, दोनदा सुरू केला आणि एकदा संपवला. लांब आहे, मध्ये राजकारणाचा भाग येतो तो पुलंच्या भाषणासारखा वाटतो, आणि लक्ष्या चांगला आहे म्हणून पिक्चर चांगला होत नाही.

टिकणारा पिक्चर म्हणजे अशी ही बनवाबनवी. १९८८ चा. आमच्या ऑफिसात एक केरळचा मुलगा आहे, मराठी कामापुरती येते, पण कुणी नुसतं धनंजय माने म्हटलं की पुढचं वाक्य तो पुरं करतो. आणि बघा, कथा काही नवीन नव्हती. हृषीकेश मुखर्जींचा १९६६ चा बीवी और मकान, तेच सगळं, भाड्याने जागा मिळेना म्हणून पोरं बाया होऊन राहतात. तो पिक्चर आज कुणाला आठवतो? हृषीदांसारखा डायरेक्टर असून नाही आठवत. मग मराठीवाला का राहिला? वसंत सबनिसांच्या संवादांमुळे, आणि अशोक सराफ-लक्ष्या-सुधीर जोशी यांच्या टायमिंगमुळे. पुरस्कार नाही, अभ्यास नाही, नुसते लोक घरी बसून परत परत बघतात. पस्तीस वर्षं हसवणं हे रडवण्यापेक्षा कठीण काम आहे आणि त्याला कधीच मोठा सिनेमा म्हणत नाहीत, म्हणून माझ्या मते तोच अंडररेटेड.

पडदावेडा (लालबाग)

माहीमकर, बनवाबनवीबद्दल एक शब्द वाकडा बोललो नाही आणि बोलणारही नाही. पण जो पिक्चर केरळच्या मुलालासुद्धा पाठ आहे त्याला अंडररेटेड म्हणणार असाल तर त्या शब्दात मग काय उरलं? राजकारणाचा भाग लांबलाय हे मान्यच आहे. पण शेवटाकडे न हसणाऱ्या पोटच्या मुलीला हसवायची पाळी येते तिथे सगळं आयुष्य हसवण्यावर काढलेल्या माणसाची जी दमछाक आहे ना, ती आधीचं सगळं ऐकून घेतल्याशिवाय अशी लागत नाही. त्या शेवटासाठी मी मधली वीस मिनिटं आनंदाने सोसतो.

शिवडीची ताई

तुम्ही दोघं नव्वदच्या पुढे येणारच नाही का? २०१५ ला कोर्ट आला. चैतन्य ताम्हाणेचा पहिला पिक्चर, आधी व्हेनिसला दोन बक्षिसं, मग राष्ट्रीय पुरस्कारात सुवर्णकमळ, मग आपल्याकडून ऑस्करला. आणि आमच्या इथल्या मल्टिप्लेक्सला शो किती वाजता तर सकाळी, कामावर जायच्या वेळेला. त्याच महिन्यात मराठीला प्राइम टाइम द्या म्हणून सरकारने फर्मान काढलं होतं आणि मग ते दुपारी बारा ते रात्री नऊ असं पातळ केलं, ते आठवतंय का कुणाला. म्हणजे पब्लिकने नाकारला असं म्हणायला आधी तो पब्लिकसमोर यायला तर हवा.

मी कोर्टात टायपिंगची कामं केली आहेत म्हणून सांगते, एवढं खरं कोर्ट पडद्यावर कधीच आलं नाही. हातोडा नाही, ऑर्डर ऑर्डर नाही, पुढची तारीख आहे. एक बाई स्लीव्हलेस घालून आली म्हणून जज तिची केस घेतच नाही, पुढचं प्रकरण पुकारा म्हणतो, आणि कॅमेरा जागचा हलत नाही. मॅनहोलमध्ये उतरून मेलेल्या कामगाराची बायको साक्ष देते, नवरा खाली उतरायच्या आधी झुरळ बाहेर येतंय का बघायचा, आलं तर खाली हवा आहे. हे ती इतक्या सरळ सांगते की आपल्यालाच कळत नाही कुठे बघावं. आणि ती सरकारी वकील, गीतांजली कुलकर्णी, कोर्टात एवढी कठोर, ती लोकलने घरी जाते, पोराला घेते, स्वयंपाकाला लागते. ती बाई मी रोज गाडीत बघते. वीरा साथीदारांचा आरोपी शाहीर लोकांना आठवतो, ही बाई आठवत नाही, मला तीच जास्त घाबरवते.

माहीमकर

ताई झुरळाचा प्रसंग जबरदस्त, नाही म्हणत नाही. पण कोर्ट टिकेल का? सुवर्णकमळवाल्यांची यादी काढा आणि त्यातले किती पिक्चर लोक सुट्टीच्या दिवशी लावतात ते बघा. माझ्या घरी कोर्ट लावला तर वडील दहा मिनिटांत उठून जातात. पिक्चर घरात चालला पाहिजे.

शिवडीची ताई

तुमचे वडील उठून जातात, माझे बघत बसले होते. गिरणीत होते ते, संपानंतर कोर्टाच्या तारखांवर हिंडलेत, त्यांना तो पिक्चर संथ वाटला नाही. कुणाचं घर, त्यावर आहे ना.

डबलडेकर

मध्ये पडतो. माहीमकर म्हणतात लोक ठरवतात, ठीक, पण कधी ठरवतात ते पण बघा. जाने भी दो यारों १९८३ ला आला, तोसुद्धा एनएफडीसीचा, लहान बजेट, कुंदन शाहचा पहिला पिक्चर, आणि तेव्हा काही गर्दी वगैरे झाली नाही. मग दूरदर्शनवर लागला, मग व्हिडिओ कॅसेटवर फिरला, आणि आज महाभारताचा तो स्टेजवरचा गोंधळ माहीत नाही असा माणूस नाही. पूल पडतो, बिल्डर आणि कमिशनर एकत्र, आणि तुरुंगात जातात ते दोन फोटोवाले. मुंबईत कुठे काही कोसळलं की त्या पिक्चरची आठवण निघते, कारण त्यात जे आहे ते बंदच झालं नाही. म्हणजे पिक्चर तोच होता, लोकही जवळपास तेच, फक्त तो परत परत नजरेस पडला. विदूषकला ते मिळालंच नाही. बनवाबनवीला मात्र केबलवाल्यांनी आणि चॅनेलवाल्यांनी दर महिन्याला आणून बसवलं, त्याचं क्रेडिट सगळं टायमिंगला देऊ नका.

आणि ताजं उदाहरण घ्या, तुंबाड. राही अनिल बर्वेचा, २०१८ ला थेटरात जेमतेम चालला, २०२४ ला परत लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावला. लोक सहा वर्षांत बदलले असं म्हणणार का?

माहीमकर

डबलडेकर, चॅनेलवाले रोज शंभर पिक्चर आणून बसवतात, लोक बघतात का सगळे? लक्ष्याचेच किती पिक्चर दर दुपारी लागतात, त्यातले दहा नावं मला कुणी सांगून दाखवा. दाखवणं लागतं हे कबूल, पण दाखवल्यावर जो थांबवतो तो पिक्चर टिकतो. चपाती लाटता लाटता माझी आई बनवाबनवीला थांबते आणि लाटणं हातात तसंच राहतं.

गिरगावातले काका

तुम्ही सगळे तरुण दिसता म्हणून जुनं सांगतो. राजा ठाकूरांचा १९७० चा मुंबईचा जावई. अरुण सरनाईक, शरद तळवलकर, संगीत सुधीर फडक्यांचं. 'प्रथम तुज पाहता' हे रामदास कामतांचं गाणं प्रत्येकाला येतं आणि ते ज्या पिक्चरमधलं आहे तो कुणी पाहिलेला नसतो, याला मी अंडररेटेड म्हणतो. त्यावरूनच बासू चटर्जींनी १९७२ ला पिया का घर काढला, लोकांना तो ठाऊक असतो, मूळ मराठी असल्याचं नसतं.

विषय काय तर लग्न झालंय आणि नव्या जोडप्याला बंद करता येईल असं एक दार घरात नाही. आम्ही त्याच घरांत राहिलो हो. रात्री कोण कुठे झोपणार याचं गणित रोज मांडायचं, नवं जोडपं घरात आलं की थोरल्यांनी आपणहून गॅलरीत वळकटी टाकायची आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. ते सगळं त्या पिक्चरमध्ये हसत हसत आलंय, रडगाणं नाही. आणि माहीमकरांना एक सांगतो, तुमची बनवाबनवीसुद्धा जागेचीच गोष्ट आहे, पुण्यात घडते एवढंच. घरमालक बाहेर काढतो तिथून सगळं सुरू होतं. मराठी माणसाला जागेचं दुखणं पडद्यावर दिसलं की तो थांबतो, तुमची आईही त्यालाच थांबत असेल.

पडदावेडा (लालबाग)

काका, हे वाचून बनवाबनवी मला वेगळीच दिसायला लागली, लीलाबाई काळभोरांच्या त्या बंगल्यासकट. पण मग माझं म्हणणं अजून पक्कं होतं. जागेचं दुखणं आपल्याला हसत बघता येतं म्हणून ते पिक्चर घरात शिरले. विदूषकात दुखणं आहे ते हसवणाऱ्या माणसाचं, आणि त्याच्याकडे बघायचं तर आपण त्याला काय काय करायला लावलं तेही बघावं लागतं. ते आपण टाळतो. माहीमकर, आईंना लाटणं खाली ठेवून एकदा शेवटचा अर्धा तास दाखवा, मधलं राजकारण हवं तर पुढे ढकला.

माहीमकर

दाखवतो. पण मत बनवाबनवीलाच.

शिवडीची ताई

काका, मुंबईचा जावई चांगल्या प्रिंटमध्ये कुठे बघायला मिळेल? मला सापडला तो इतका अंधुक की चेहरे ओळखू येईनात आणि आवाज मधूनच गायब. पुण्याला फिल्म अर्काइव्हमध्ये असेल तर तिथे जाऊन बघू देतात का, कुणाला अनुभव असेल तर लिहा.