मदत हवी आहे : आई-बाबांच्या लग्नाच्या पन्नाशीनिमित्त कौटुंबिक फोटो, नऊ जणांच्या कपड्यांची रंगसंगती कशी जुळवावी?

नमस्कार.

माझ्या आई-बाबांचे लग्न १९७६ साली झाले. येत्या डिसेंबरमध्ये त्याला ५० वर्षे पूर्ण होतील. हॉल, जेवणावळ, सत्कार यांपैकी काहीही करायचे नाही, असे दोघांनी निक्षून सांगितले आहे. आईची इच्छा एवढीच आहे की, घरातल्या सगळ्यांचा मिळून एक नीट काढलेला फोटो भिंतीवर असावा. आम्ही नऊ जण आहोत : आई, बाबा, नौपाड्यात त्यांच्याजवळच राहणारी माझी आत्या, दादा, वहिनी, त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा, मी, माझे यजमान आणि आमची अकरा वर्षांची लेक.

अडचण कपड्यांची आहे, आणि ती मला किरकोळ वाटत नाही. त्यामागचे कारण आधी सांगते.

दोन वर्षांपूर्वी दादाच्या वास्तुशांतीला आत्या सोडून आम्ही सगळ्यांनी एकाच ताग्यातून हळदी रंगाचे कपडे शिवून घेतले होते. फोटो दुपारी, हिरवळीवर उभे करून काढले गेले. खालून हिरवळीचा हिरवा आणि कपड्यांचा पिवळा असे दोन्ही रंग हनुवटीवर आणि गळ्यावर उतरले, आणि सगळेच आजारी दिसू लागलो. यजमानांनी बारीक रेघांचे जाकीट घातले होते. त्या रेघांची जाळी आणि कॅमेऱ्याच्या आतली ठिपक्यांची जाळी एकमेकांवर पडली, की कापडावर पाण्यासारख्या लाटा उमटतात. तशा त्या फोटोत स्पष्ट दिसतात. परंतु खरे दुःख वेगळेच आहे. आत्या गेली चाळीस वर्षे मोतिया, बदामी किंवा फिकट राखाडी याखेरीज दुसरा रंग नेसलेली नाही. आठ पिवळ्या माणसांच्या कडेला ती एकटी पांढरी उभी होती, जणू शेजारच्या घरून आलेली. फोटो हातात घेऊन ती म्हणाली, "मला घ्यायलाच नको होतं." यंदाही ती आतापासूनच म्हणते आहे की, मला मागे उभे करा.

म्हणून या वेळी सगळ्यांनी एक रंग घालण्याऐवजी रंगसंगती दोन साड्यांभोवती बांधावी, असे मी ठरवले आहे. एक आईची पैठणी आणि दुसरी आत्याची मोतिया साडी. आत्याचा रंग अपवाद न ठरता फोटोतल्या मुख्य रंगांपैकी एक व्हावा, हे मला साधायचे आहे, आणि त्यासाठीच आपली मदत हवी आहे.

पैठणी लग्नातली, आजोबांनी येवल्याहून आणलेली आहे. उभा धागा जांभळा आणि आडवा डाळिंबी असल्यामुळे ती धूपछाव दिसते : खिडकीसमोर धरली तर डाळिंबी, थोडी तिरकी केली तर जांभळी. काठ मोरपंखी, जर आता थोडी काळवंडलेली. गेल्या रविवारी ती पलंगावर पसरली, तेव्हा दोन ठिकाणी घडीवर रेशीम विरलेले आढळले. बोट फिरवले की तिथले आडवे धागे सुटे लागतात. नेसण्यापूर्वी आतून मलमल लावून घ्यावी, असे एका मैत्रिणीने सुचवले आहे. ठाण्यात जुन्या रेशमाचे असे काम जपून करणारे रफूवाले कुणाला माहीत असतील तर अवश्य सांगावे.

त्याच पैठणीवर मी घरातले कपडे एकेक करून ठेवून मोबाइलने फोटो काढले आणि ते कृष्णधवल करून पाहिले. (हा प्रयोग कुणीही करून पाहावा, फार उपयोगी पडतो.) यजमानांचा गर्द हिरवा कुर्ता डोळ्यांना पैठणीपेक्षा अगदी वेगळा दिसत होता, पण कृष्णधवलमध्ये दोन्ही एकाच करड्या छटेत मिसळून गेले. बाबांचा कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र सदरा ठेवला, तर नजर साडीवरून उडून थेट सदऱ्यावर जात होती. आत्याची मोतिया साडी मात्र शेजारी ठेवताच पैठणी उलट अधिक खुलली.

यावरून मी असे योजले आहे. मध्यभागी आई, तिच्या एका बाजूला बाबा आणि दुसऱ्या बाजूला आत्या बसतील. बाबांना पांढऱ्याऐवजी श्रीखंडी किंवा बदामी रंगाचा कुर्ता द्यावा, म्हणजे आत्याच्या रंगाला दुसऱ्या बाजूने जोड मिळेल. दादा फिकट राखाडी आणि यजमान गडद बदामी घालतील. मी अंजिरी साडी नेसेन आणि लेकीला अबोली खणाचे परकर-पोलके शिवेन. भाच्याला काळाच शर्ट हवा आहे, आणि आई म्हणते की काळा फक्त संक्रांतीला. त्याला गडद आमसुली दाखवला आहे आणि तो राजी होईल असे वाटते.

वहिनीचे मत अजूनही सर्वांनी सारखे तयार संच घ्यावेत असे आहे. तिच्या म्हणण्यातही तथ्य आहे, कारण नऊ जणांच्या नऊ खरेद्या करण्यापेक्षा ते एका दिवसात उरकते आणि कुणाची तक्रार राहत नाही. परंतु मागचा अनुभव माझ्या मनातून जात नाही.

फोटो उपवन तलावाच्या काठावर काढायचा आहे. येऊरचा डोंगर तिथे पश्चिमेला असल्याने सकाळचे ऊन आमच्या चेहऱ्यांवर आणि मागच्या झाडीवर पडेल. संध्याकाळी सूर्य लवकर डोंगराआड जातो, म्हणून सकाळी साडेसातची वेळ घेतली आहे. मागे झाडी आणि पुढे हिरवट पाणी असल्यामुळे कपड्यांमधून हिरवा रंग मी पूर्णपणे वगळला आहे. त्यानंतर तलावपाळीवर फक्त आई-बाबांचा एक फोटो घ्यायचा आहे, कारण लग्नानंतर ते दोघे कोपिनेश्वराचे दर्शन घेऊन मासुंद्याला, म्हणजे तलावपाळीच्या तलावाला, फेरी मारत असत.

आता मला विचारायचे आहे ते असे. माझी अंजिरी साडी आईच्या पैठणीच्या फार जवळ जाईल का, आणि तसे असेल तर चिंतामणी निळा अधिक योग्य ठरेल का? बदामी आणि मोतिया रंग सकाळच्या कोवळ्या उन्हात पांढऱ्यासारखे उजळून जातात का, की कापड सुती घेतले तर ते टळते? वहिनीसाठी मी अद्याप रंग ठरवलेला नाही. तिचा वर्ण उजळ आहे, आणि तिला मनापासून आवडेल असा रंग या संगतीत कुठला बसेल? राममारुती रस्ता, गोखले रस्ता किंवा जांभळी नाका परिसरात साधे, बिनचमकीचे, मीटरवर मिळणारे कापड कुठे पाहावे, हेही ठाणेकरांनी सांगावे.

आणखी एक गोष्ट. काल आत्याला मी एक मोतिया साडी दाखवली, जिला जेमतेम बोटभर रुंदीचा डाळिंबी काठ आहे. तिने काठावर हात ठेवला, बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, "एवढा काठ चालेल." तेवढा बारीक काठ नऊ जणांच्या फोटोत दिसेल का, आणि तो दिसावा म्हणून पदर कसा घ्यावा किंवा तिला कोणत्या बाजूला बसवावे, हे छायाचित्रणातल्या जाणकारांनी कृपया सांगावे. शिंप्याला कापड नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत द्यायचे आहे.