मदत हवी आहे: वाचनालयाच्या साइटवरून वाचकांचा माग काढणं थांबवायचं आहे, पण भेटींचा आकडाही लागतो

नमस्कार मंडळी,

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका लहान वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी आहे. आमची वेबसाइट साधी आहे: पुस्तकांची सूची, शोधाची चौकट, पुस्तकाची मुदत वाढवून घेण्यासाठी सभासदांचं लॉगिन, बालविभागाचं पान आणि कार्यक्रमांचे व्हिडिओ. अशा साइटवर कुकी (साइटने वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद) आणि माग ठेवणाऱ्या स्क्रिप्ट (पानात आपोआप चालणारे छोटे प्रोग्राम) किती असाव्यात आणि कशासाठी, याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे.

विषय निघाला तो एका ज्येष्ठ सभासद बाईंमुळे. त्यांनी काउंटरवर विचारलं, "मी तुमच्या साइटवर मधुमेहावरची पुस्तकं शोधली आणि तेव्हापासून मोबाइलवर साखरेच्या औषधांच्या जाहिराती येताहेत. तुम्ही कुणाला सांगता का हो?" जाहिराती आमच्यामुळेच आल्या असं म्हणता येणार नाही, त्यांनी इतरत्रही काही पाहिलं असेल. पण मी घरी लॅपटॉपवर साइट उघडून एफ१२ दाबलं, पान कुठेकुठे विनंत्या पाठवतं ते दाखवणारा नेटवर्कचा टॅब बघितला, आणि "छे, आम्ही कुठे सांगतो" असं त्यांना सांगण्यासारखी परिस्थिती नाही हे कळलं.

पान उघडताच पाच बाहेरच्या ठिकाणी विनंत्या जातात: भेटी मोजणारी अ‍ॅनालिटिक्सची स्क्रिप्ट, एका समाजमाध्यमाचा जाहिरातींसाठीचा पिक्सेल (कोण काय बघतं हे त्यांना कळवणारा, न दिसणारा तुकडा), शेअर करण्याची बटणं, व्हिडिओची खिडकी आणि नकाशा. शोधलेला शब्द आमच्या पानाच्या पत्त्यातच येतो, त्यामुळे "मधुमेह" हा शब्दही पत्त्याबरोबर बाहेर जातो. खाली पट्टी येते, "ही साइट कुकीज वापरते", आणि तिच्यावर "ठीक आहे" हे एकच बटण. ते दाबायच्या आधीच कुकी ठेवून झालेल्या असतात. साइट ज्यांनी बनवून दिली त्यांना विचारलं तर "सगळ्याच साइटवर असतं" एवढंच उत्तर मिळालं.

आमच्याकडे देवघेवीची वही काउंटरच्या खणात असते. कोणी काय नेलं हे आम्ही शेजारच्याला सांगत नाही, नवऱ्याने काय नेलं हे बायकोलाही नाही. तोच नियम साइटला लागू व्हावा एवढीच माझी इच्छा आहे. अडचण अशी की देणगीदारांना आणि कार्यकारिणीला महिन्याच्या भेटींचा आकडा लागतो.

माझे प्रश्न:
१. ब्राउझरमध्ये थर्ड पार्टी (म्हणजे उघडलेल्या साइटच्या नव्हे, दुसऱ्याच कोणाच्या) कुकी बंद केल्या तरी अ‍ॅनालिटिक्सची कुकी राहते. ती कशी?
२. कुकीशिवाय भेटी मोजता येतात का?
३. बालविभागाच्या पानाबद्दल कायदा काय म्हणतो?

---

प्रतिसाद १

पहिल्या प्रश्नात बहुतेकांचा घोटाळा होतो. कुकी कोणाची हे ती कोणत्या डोमेनच्या (साइटच्या पत्त्यातल्या मुख्य नावाच्या) नावावर ठेवली आहे त्यावर ठरतं, स्क्रिप्ट कोणाची आहे त्यावर नाही. अ‍ॅनालिटिक्सची स्क्रिप्ट बाहेरून येते, पण चालते तुमच्या पानात, आणि कुकी तुमच्याच डोमेनवर ठेवते. ब्राउझरच्या लेखी ती फर्स्ट पार्टी, म्हणजे तुमच्याच साइटची. गूगल अ‍ॅनालिटिक्सची कुकी मुळात २ वर्षांची असते. क्रोममध्ये तारीख जवळची दिसेल, कारण क्रोम कुठलीच कुकी ४०० दिवसांपेक्षा जास्त ठेवत नाही.

पानाच्या पत्त्याचंही तसंच. बाहेरचं नुसतं चित्र मागवलं तर आजचे ब्राउझर सहसा फक्त तुमच्या साइटचं नाव पाठवतात, पूर्ण पत्ता नाही. पण स्क्रिप्ट पानाच्या आतच असल्यामुळे पूर्ण पत्ता वाचू शकते. म्हणून तुमचा "मधुमेह" बाहेर पडतो.

सफारी २०२० पासून थर्ड पार्टी कुकी सरसकट अडवतं. फायरफॉक्सने २०२२ मध्ये प्रत्येक साइटच्या कुकी वेगवेगळ्या कप्प्यात ठेवायला सुरुवात केली. क्रोमने थर्ड पार्टी कुकी काढून टाकू असं २०२० मध्ये जाहीर केलं होतं, नंतर तो बेत सोडला. ठाण्यात तुमच्या सभासदांपैकी बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड आणि क्रोमच असणार, तेव्हा ब्राउझर वाचवेल या भरवशावर राहू नका. इन्कॉग्निटोचाही (ब्राउझरच्या खासगी खिडकीचाही) फारसा उपयोग नाही. खिडकी बंद केल्यावर त्या फोनवर इतिहास आणि कुकी उरत नाहीत, एवढंच. आयपी पत्ता (तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक) आणि स्क्रिप्ट जिथल्या तिथे.

---

प्रतिसाद २

भेटी मोजायला कुकी लागतच नाही. सर्व्हर प्रत्येक विनंतीची नोंद ठेवतोच: वेळ, पान, आयपी पत्ता, ब्राउझर. होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये (साइट सांभाळण्याच्या पानात) बहुतेक वेळा एडब्ल्यूस्टॅट्स हा या नोंदी मोजणारा प्रोग्राम असतो, त्यात महिन्याचा आकडा तयार मिळतो. माणसांच्या नव्हे, आपोआप फिरणाऱ्या यंत्रांच्या भेटीही त्यात मिसळतात, म्हणून आकडा थोडा फुगलेला समजा. नेमकेपणा हवा असेल तर मॅटोमो हा भेटी मोजणारा प्रोग्राम स्वतःच्या सर्व्हरवर टाका आणि त्यातल्या कुकी बंद करा. देणगीदाराला किती लोक आले हे हवं असतं, कोण आलं हे नको असतं.

पिक्सेल आजच काढा. तुम्ही जाहिरात करत नाही, तो तिथे कशाला? शेअरच्या बटणांऐवजी साधी लिंक चालते. व्हिडिओच्या जागी चित्र ठेवा आणि त्यावर बोट ठेवल्यावरच खिडकी उघडू द्या. नकाशाऐवजी "स्टेशनपासून गोखले रोडने या" असं लिहिलं तरी ठाणेकर पोचतो.

---

प्रतिसाद ३

कायद्याबद्दल. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. या कायद्यात १८ वर्षांखालील सगळे मूल समजले जातात. मुलांचा माग काढणं, त्यांच्या वागण्यावर लक्ष ठेवणं, त्यांना लक्ष्य करून जाहिराती करणं याला कलम ९ प्रमाणे मनाई आहे. काही संस्थांना मर्यादित सूट आहे, पण तुम्हाला त्या वाटेने जायची गरजच नाही. बालविभागाच्या पानावर बाहेरची एकही स्क्रिप्ट ठेवू नका.

एकाच बटणाची ती पट्टी काढा. संमती मोकळेपणाने दिलेली, माहिती देऊन घेतलेली हवी, आणि देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही. सूचना मराठीत वाचण्याची सोयही कायद्यात आहे, संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांसाठी. युरोपात तर आधीच टिचकी मारलेला चौकोन ही संमती नव्हे, असं तिथल्या न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितलं.

---

धागाकर्ता

मनापासून आभार. पिक्सेल आणि शेअरची बटणं काढली. शोधशब्द आता पानाच्या पत्त्यात येणार नाही अशी सोय एका सभासदाच्या मुलाने करून दिली. अ‍ॅनालिटिक्स काढून सीपॅनेलमधला आकडा द्यायचा ठराव येत्या सभेत मांडतो आहे. त्या बाईंनाही काय होतं आणि काय बदललं ते फोन करून सांगितलं.

ठराव मंजूर होऊन हे बदल झाल्यावर साइटवर लावायच्या सूचनेचा मसुदा खाली देतो. कुठे चुकत असेल, किंवा पहिल्यांदा वाचणाऱ्याला कळणार नाही असं वाटलं, तर सुधारून द्या:

"तुम्ही लॉगिन केल्यावर तुमची ओळख लक्षात राहावी म्हणून आम्ही एक कुकी ठेवतो. लॉगआउट केल्यावर ती पुसली जाते. लॉगिन न करता सूची पाहिली तर कुठलीही कुकी ठेवली जात नाही. तुम्ही काय शोधलं हे आम्ही कोणालाही देत नाही. भेटींची संख्या सर्व्हरच्या नोंदीवरून काढतो आणि त्या नोंदी ३० दिवसांनी पुसतो. व्हिडिओवर बोट ठेवल्यास तो दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून येतो आणि तिथे त्यांचे नियम लागू होतात. शंका असल्यास काउंटरवर विचारा."