दोन पडदे: लेन्स बसवल्यानंतरच्या लेझरविषयी

ब-२०३
सर्वांना नमस्कार. माझ्या सासऱ्यांच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन अडीच वर्षांपूर्वी झाले आणि गेल्या चवथीपर्यंत ते वाचायचा चष्मा लावून पंचांगातले बारीक अक्षर वाचत होते. आता त्यांना सगळे धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते आणि समईच्या ज्योतीभोवती कडे दिसते. फोंड्याच्या डॉक्टरांनी ‘लेन्सच्या मागे पडदा आला आहे, तो लेझरने फोडावा लागेल’ असे सांगून गुरुवारची वेळ दिली आहे. मात्र देवळाच्या सभामंडपात कुणीतरी त्यांना ‘लेझरने डोळ्याचा पडदा सुटतो’ असे सांगितल्यामुळे ते कालपासून नकोच म्हणत आहेत. कुणाला अनुभव असेल तर कृपया लिहावे.

क-१०२
वहिनी, मी आरोग्य खात्यात नेत्र सहाय्यक होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. घोळ ‘पडदा’ या शब्दाचा आहे, कारण आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींना तेच नाव देतो. मोतीबिंदू काढताना नैसर्गिक भिंगाची पातळ पारदर्शक पिशवी डोळ्यातच ठेवतात आणि तिच्यात कृत्रिम लेन्स बसवतात. पिशवीच्या कडेला काही पेशी उरतात, त्या काही महिन्यांनी किंवा वर्षांनी लेन्सच्या मागच्या बाजूवर पसरतात आणि पिशवी गढूळ होते. हा झाला पहिला पडदा. मोतीबिंदू परत आलेला नाही, तो परत येत नाही. दुसरा पडदा म्हणजे डोळ्याच्या तळाशी असलेले दृष्टिपटल, ज्याच्यावर चित्र उमटते. फोडतात तो पहिला, सुटण्याची भीती असते ती दुसऱ्याची.

१९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरॉल्ड रिडली यांनी पहिली कृत्रिम लेन्स बसवली आणि पिशवी गढूळ होण्याची ही अडचण तेव्हापासूनची आहे. पूर्वी त्यासाठी डोळ्यात बारीक पाते घालावे लागे. १९८० च्या दशकात याग लेझर रुळला आणि ती चिरफाड थांबली. या लेझरचे किरण १०६४ नॅनोमीटरचे, म्हणजे डोळ्याला न दिसणारे असतात. ते जाळत नाहीत, नेमलेल्या बिंदूवर सूक्ष्म स्फोट करून पिशवीला मधोमध खिडकी पाडतात. हनुवटी यंत्रावर टेकवून बसायचे, टिकटिक ऐकू येते, दुखत नाही, आणि काही मिनिटांत काम होते.

गुंतागुंत मात्र होऊ शकते आणि ती लपवू नये. सर्वांत नेहमीची म्हणजे पहिल्या काही तासांत डोळ्याचा दाब वाढणे, कारण फुटलेल्या पिशवीचे कण पाणी निचरणाऱ्या जाळीत अडकतात. नेम किंचित पुढे पडला तर लेन्सवर बारीक खड्डे उमटतात, पण त्यांचा बहुधा त्रास होत नाही. दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज येऊ शकते आणि ती काही आठवड्यांनीही येते, म्हणून मधुमेह असेल तर जास्त जपावे. लेन्स जागची हलणे फार क्वचित घडते.

अ-४०१
मी इतके दिवस या विषयावर लिहिले नव्हते, पण आज लिहिणे मला आवश्यक वाटते. माझा चष्मा लहानपणापासून जाड, ऑपरेशनपूर्वी वजा नऊ नंबरचा होता. चार वर्षांपूर्वी माझ्या डाव्या डोळ्याला हाच लेझर केला आणि दुसऱ्या दिवशी मला आंगणातल्या पेरूची पाने एकेक सुटी दिसली, याचा आनंद मी विसरलेले नाही. मात्र लेझरपूर्वी बुबुळ मोठे करून दृष्टिपटलाच्या कडा कुणी तपासल्या नाहीत आणि नंतर कशाकडे लक्ष ठेवायचे हेही सांगितले नाही. मला राग लेझरचा नाही, न सांगण्याचा आहे.

सतराव्या दिवशी संध्याकाळी दिवा लावताना डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखे झाले. पाऊस येणार असे समजून मी कपडे काढायला गेले, तर आकाश स्वच्छ होते. दुसऱ्या दिवशी काळे ठिपके काजळी उडावी तसे वाढले आणि तिसऱ्या दिवशी तुळशीवृंदावनाचा खालचा भाग काळ्या पाण्यात बुडाल्यासारखा दिसेनासा झाला. पणजीत पडद्याच्या तज्ज्ञांनी त्याच दिवशी दाखल करून घेतले. सुटलेला पडदा जागी बसवताना डोळ्यात वायू भरला होता, त्यामुळे तो विरेपर्यंत विमान नाही आणि चोर्ला घाट चढून बेळगावला मुलीकडेही जायचे नाही, असे त्यांनी बजावले होते. दृष्टी पुष्कळशी परत आली, पण मी ते दोन दिवस वाया घालवले नसते तर अधिक आली असती, असे डॉक्टरच म्हणाले.

क-१०२
ताईंचे म्हणणे अगदी खरे आहे. फक्त एक जोडतो. ज्यांचा मायनस नंबर मोठा आहे, ज्यांचे दृष्टिपटल कडेला विरळ आहे किंवा दुसऱ्या डोळ्याचा पडदा पूर्वी सुटलेला आहे, त्यांना हा धोका जास्त असतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननेच तो थोडा वाढलेला असतो, त्यामुळे सगळा दोष लेझरवर टाकता येत नाही. इतरांमध्ये असे विरळाच घडते. लेझरनंतर काही दिवस दोन-चार ठिपके तरंगताना दिसणे साधे आहे. ते अचानक पुष्कळ वाढले, वीज चमकली किंवा कडेने सावली आली, तर मात्र त्याच दिवशी गेले पाहिजे, मग लेझरला कितीही महिने झालेले असोत.

ड-३०१
आमचा अनुभव थोडा वेगळा आहे. माझ्या भावाने दूरचे आणि जवळचे दोन्ही दाखवणारी महाग लेन्स बसवली होती. त्याला नीट दिसेना, तेव्हा दोनच महिन्यांत लेझर सुचवला गेला. दुसऱ्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की पिशवी स्वच्छ आहे आणि डोळा कोरडा पडला आहे. एकदा पिशवीला खिडकी पाडली की पुढे लेन्स बदलणे फार अवघड होते, म्हणून आधी कारण पक्के करा असे ते म्हणाले.

ब-२०३
सर्वांचे मनापासून आभार. सासऱ्यांना डाव्या डोळ्यात काचबिंदू आहे आणि ते रोज थेंब घालतात. ते बंद करायचे का?

क-१०२
मुळीच नाही, आणि डॉक्टरांना हे गुरुवारी पुन्हा सांगा. लेझरच्या आधी व नंतर दाब कमी ठेवणारा थेंब घालतात. तासाभराने दाब मोजल्याशिवाय घरी निघू नका. रात्री डोळा फार ठणकला, लाल झाला किंवा उलटी आली तर सकाळची वाट पाहू नका.

ब-२०३
आताच दवाखान्यात फोन केला. आधी बुबुळ मोठे करून दृष्टिपटल पाहतील, नंतर दाब मोजतील आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावतील. मामंजींना क-१०२ काकांचा संदेश वाचून दाखवला. दोन पडद्यांचे ऐकून ते म्हणाले, ‘मग पयलो फोडूंदी.’

अ-४०१
बुबुळ मोठे करणाऱ्या थेंबांमुळे त्यांना काही तास उजेड सोसणार नाही, म्हणून गडद चष्मा बरोबर घ्या आणि स्कूटरवरून आणू नका. गुरुवारी माझी गाडी मोकळी आहे, मी येते.