लिनक्सवर कोड कशात लिहिता? सुरुवातीला काय काय अडलं ते सांगा

लातूर, धागा काढणारा

भाचा यंदा कॉम्प्युटर सायन्सला गेला. माझा जुना लॅपटॉप त्याला दिला. रॅम चार जीबी, विंडोज नुसतं रांगत होतं, म्हणून लिनक्स मिंट टाकून दिलं. दुसऱ्याच दिवशी फोन: "मामा, कोड कशात लिहू?" मी सांगितलं, व्हिम, म्हणजे टर्मिनलमध्ये नुसत्या कीबोर्डवर चालणारा एडिटर. का, तर मी ते वापरतो म्हणून. रात्री साडेदहाला परत फोन: "मामा, ह्याच्यातून बाहेर कसं पडायचं?"

हसलो खरा, पण मी स्वतः पहिल्यांदा अडकलो तेव्हा सरळ टर्मिनलची, म्हणजे हुकूम टाइप करायची, खिडकीच बंद केली होती. आपण एकटे नाही. 'व्हिममधून बाहेर कसं पडायचं' हा प्रश्न दहा लाखांवर लोकांनी उघडून पाहिल्याचं प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटनं, स्टॅक ओव्हरफ्लोनंच, २०१७ मध्ये सांगितलं होतं. (एस्केप दाबा, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. लिहिलेलं न ठेवता सुटका.)

तर मंडळी, कोणतं भारी हा वाद नको. पहिल्या महिन्यात तुमचं काय अडलं आणि शेवटी कशावर टिकलात, तेवढं लिहा. भाच्याला हा धागा वाचायला देणार आहे.

नांदेड, डिप्लोमा दुसरं वर्ष

दादा, आमच्या लॅबमध्ये अजून ती टर्बो सीची निळी स्क्रीन आहे. घरी उबुंटू लिनक्स. लॅबमधला प्रोग्राम जसाच्या तसा घरी टाकला तर कोनिओ डॉट एच ही हेडर फाइल सापडत नाही म्हणून एरर. मला वाटलं एडिटरच खराब. तीन एडिटर बदलले, तरी एरर तीच! मग कळलं की टर्बो सीत एडिटर आणि कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्राम करणारा) एकाच डब्यात येतात, इथं दोन्ही वेगळे. कोड कशातही लिहा, कंपाइल जीसीसी हा कंपायलरच करणार, आणि ते हेडर लिनक्सवर नसतंच. त्या हेडरमधले क्लिअरस्क्रीन आणि गेटसीएच काढून टाकले, चाललं.

दुसरी गंमत. मुंबई आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल मराठीत आहेत, त्यात गेडिट हा एडिटर वापरलाय. मी कमांड दिली तर गेडिट नाहीच. उबुंटूत दिसणारा डेस्कटॉप ज्यांचा, त्या ग्नोमनं २०२२ मध्ये त्याच्या जागी नवं 'टेक्स्ट एडिटर' आणलं, त्यामुळं नव्या उबुंटूत ते वेगळं टाकावं लागतं. धडा जुना आहे हे नवख्याला कसं कळणार?

आता जीनी हा एडिटर वापरते. एफ नाइन दाबलं की बिल्ड, एफ फाइव्ह दाबलं की रन. टर्बो सीची सवय असलेल्यांना हेच जवळचं वाटेल.

परभणी, ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान

आमचं छोटं काम, फोटोंची साइज कमी करायची स्क्रिप्ट. विंडोजवर नोटपॅडमध्ये लिहून पेनड्राइव्हनं लिनक्सच्या मशिनवर आणली. चालवली की 'बॅड इंटरप्रिटर'. स्क्रिप्ट अक्षर न् अक्षर बरोबर, तरी दोन दिवस गेले. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जास्तीचं चिन्ह टाकतं, ते लिनक्सला चालत नाही. केट एडिटरमध्ये ओळीचा शेवट कोणत्या पद्धतीचा आहे ते दिसतं आणि तिथंच बदलताही येतं. तेव्हापासून केट.

बीडजवळचं खेडं, घरून काम

सगळे बाहेर कसं पडायचं ते सांगायलेत. आमच्याकडं लाइटच बाहेर काढते.

डेस्कटॉप आहे, इन्व्हर्टर नाही. उन्हाळ्यात लाइट कधी जाईल नेम नाही. एका साध्या एडिटरमध्ये अडीच तास लिहिलेलं सेव्ह न करता गेलं, तेव्हा रडायचाच बाकी होतो. मित्र म्हणाला, "व्हिम घे की रं." मला वाटलं चेष्टा करायलाय.

पण खरं आहे. व्हिम तुम्ही लिहीत असताना शेजारी एक लपलेली स्वॅप फाइल ठेवतं. साधारण दोनशे अक्षरं टाइप झाली, किंवा चार सेकंद हात थांबला, की त्यात लिहून ठेवतं. लाइट आल्यावर तीच फाइल उघडली की ते विचारतं, रिकव्हर करायचं का. आर दाबा. शेवटची एखादी ओळ जाते, बाकी सगळं परत. फक्त रिकव्हर करून सेव्ह झाल्यावर ती स्वॅप फाइल डिलीट करा, नाहीतर दर वेळी तोच इशारा येतो आणि माणूस घाबरतो. मी पहिल्यांदा घाबरून जुनीच प्रत उघडली आणि वाचलेलं काम हातानं घालवलं.

छत्रपती संभाजीनगर, नोकरी

ऑफिसात व्हीएस कोड हा एडिटर, सगळ्यांचं तेच. सूचना देतं, चुका दाखवतं, नवख्याला फार सोपं. पण ते इलेक्ट्रॉनवर बांधलेलं आहे, म्हणजे पोटात एक अख्खा क्रोमियम ब्राउझर. चार जीबीवर शेजारी अजून एक ब्राउझर उघडा आणि पंख्याचा आवाज ऐका. मी आधी ॲटम एडिटरवाला होतो, ते २०२२ मध्ये बंदच पडलं.

हिंगोली

इमॅक्स एडिटर. सारखं कंट्रोल दाबून करंगळी दुखते. सोडवत नाही.

अंबाजोगाई, निवृत्त शिक्षक

मी साठीनंतर पायथन शिकलो. प्रोग्राम मराठीत बोलले पाहिजेत हा हट्ट. म्हणून इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावला आणि व्हिम उघडलं. दोन ओळी झाल्या, एस्केप दाबून खालच्या ओळीवर जायला इंग्रजी 'जे' हे बटण दाबलं, काही हलेना. कारण मराठी चालू असताना जे म्हणजे र, के म्हणजे क. कोलन दाबायला जावं तर छ. व्हिमला हुकूम इंग्रजीतच लागतात. दर वेळी कीबोर्ड बदला, हुकूम द्या, परत बदला. शिवाय माझ्या टर्मिनलमध्ये जोडाक्षरं फुटायची, 'विद्यार्थी' वाचताना डोळ्यांना त्रास.

खिडकीवाल्या एडिटरमध्ये हा त्रास नाही. मिंटमध्ये मेनूतच 'टेक्स्ट एडिटर' म्हणून एक्सेड असतं, ते उघडा. पायथनसाठी एवढंच करा: सेटिंगमध्ये जाऊन टॅबऐवजी स्पेस पडतील असं ठेवा. मी एका फाइलीत दोन्ही मिसळले होते. दिसायला ओळी सरळ, पण पायथन काही ऐकेना.

जालना

भाच्याला हेही सांगा. टर्मिनलमध्ये सवयीनं कंट्रोल-एस दाबलं आणि स्क्रीन गोठली, तर मशीन बंद करू नको. कंट्रोल-क्यू दाब. कंट्रोल-झेड दाबून एडिटर गायब झाला तर एफ जी टाइप कर, येतो परत. दोन्हीसाठी मी लॅपटॉपचं बटण दाबून धरलेलं आहे. आणि सिस्टिमच्या फाइलीत एखादीच ओळ बदलायची असेल तर टर्मिनलमधला नॅनो एडिटर. खाली सगळं लिहिलेलं असतं, फक्त ती छोटी टोपी म्हणजे कंट्रोल हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

लातूर, धागा काढणारा

भाच्याचा मेसेज आला, तसाच देतो:

"मामा, सगळं वाचलं. एक्सेड मेनूत होतं की आधीपासून, तुम्ही सांगितलंच नाही. कॉलेजच्या सीसाठी जीनी टाकलं, नांदेडच्या ताईंना थँक्यू सांगा. व्हिम शिकवणारं व्हिमट्यूटर पण सुरू केलं होतं, अर्ध्या तासाचंच आहे म्हणे. तिसऱ्या धड्यावर लाइट गेली."