मदत हवी आहे: 'भूत' म्हणजे 'होऊन गेलेला' ही व्युत्पत्ती बरोबर आहे का?

नमस्कार. सातवीच्या वर्गासाठी शब्दांच्या व्युत्पत्तीचा तक्ता करायचा आहे. 'भूत'खाली "जो होऊन गेला तो, म्हणजे मेलेला माणूस" असं लिहिलंय. मग पंचमहाभूतं आणि भूतदया कुठे बसवायची? आणि प्रेत वेगळं कसं? 'भुताने' लिहायचं की 'भूताने'?

प्रतिसाद १
धातू बरोबर आहे, अर्थ घाईने लावलाय. भू (होणे, असणे) + क्त (क्रिया झाल्याचं दाखवणारा संस्कृत प्रत्यय, शब्दात 'त' उरतो) = भूत. 'होऊन गेलेलं' या अर्थाने भूतकाळ. 'अस्तित्वात आलेलं' या अर्थाने कुठलाही जीव, कुठलंही मूलतत्त्व. पंचमहाभूतं आणि भूतदया इथली. पसायदानात 'भूतां परस्परें पडो मैत्र जीवाचें' म्हटलंय, ती सगळी जितीजागती भूतं!

आता झपाटणारं भूत. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात 'पिशाचो गुह्यकः सिद्धो भूतोऽमी देवयोनयः' अशी ओळ आहे. आधीच्या ओळीत यक्ष, गंधर्व, किन्नर. म्हणजे तिथे भूत ही देवयोनींतली एक जात आहे, कुणा मेलेल्याचा आत्मा नव्हे. शंकर भूतनाथ तो याच गणांचा. तेव्हा 'मेलेला माणूस' हा मूळ अर्थ म्हणून अजिबात देऊ नका.

प्रतिसाद २
मेलेल्याचा शब्द प्रेत. प्र + इ (जाणे) + क्त, पुढे निघून गेलेला. श्राद्धविधीत सपिंडीकरण होईपर्यंत मृत व्यक्ती 'प्रेत' असते. त्या दिवशी प्रेताच्या पिंडाचे तीन भाग करून बाप, आजा, पणजा यांच्या पिंडांत मिसळतात, मग तो पितर. मराठीत प्रेत म्हणजे मढं; हिंदीत मात्र प्रेत म्हणजे भूतच. हिंदीवरून मजकूर घेतला की गोंधळ होतो तो इथेच.

तक्त्यावर मुंजाही घ्या, मुलांना पटकन कळेल. मुंज झाली पण सोडमुंज (मुंजीचं व्रत संपवण्याचा विधी) होण्याआधी गेला, तो मुंजा, पिंपळावरचा. शब्द आलाय कमरेच्या मुंज गवताच्या मेखलेवरून.

प्रतिसाद ३
नियमाने तत्सम शब्दातला दीर्घ ऊ सामान्यरूपात टिकतो: पंचमहाभूतांचा. पण झपाटणारं भूत मराठीत इतकं मुरलंय की भुताने, भुताटकी हीच रूपं रुळली आहेत. तक्त्यात दोन्ही शेजारीशेजारी ठेवा. 'पिशाच्च' मराठीत चालतं, पण संस्कृत रूप देताना एकच च: पिशाच.

धागाकर्ता
आभार! ओळ बदलली: "भूत: भू + क्त. १. होऊन गेलेलं २. जीव, तत्त्व ३. एक देवयोनी ४. मराठीत पिशाच्च." प्रेत आणि मुंजा वेगळ्या चौकटीत घेतो.