आरव्हीचा संडास तुंबलाय, उद्या सकाळी निघायचंय. कुणी सांगेल का?

रानवाटा

मंडळी, विषय घाणेरडा आहे, जेवताना वाचू नका.

आम्ही सहाजण (मी, नवरा, दोन मुलं आणि नाशिकहून आलेले सासू-सासरे) भाड्याची २८ फुटी आरव्ही (चाकांवरचं घरच) घेऊन अमेरिकेत युटात फिरतोय. सध्या मोआबला एका खाजगी कॅम्पग्राउंडवर मुक्काम आहे. वीज, पाणी, सीवर सगळं जागेवरच. गाडी ताब्यात देताना तिथल्या मुलाने सांगितलं होतं, "सीवरची नळी जोडलीत की दोन्ही व्हॉल्व्ह उघडे ठेवा, मग काही बघायलाच नको." तसंच केलं.

परवा सगळं ठीक होतं. काल रात्रीपासून पेडल दाबलं की कमोडमधलं पाणी लगेच खाली जात नाही. थोडं थांबतं, डबक डबक आवाज येतो आणि मग हळूहळू उतरतं. आज दुपारपासून वासही यायला लागलाय. पॅनलवर काळ्या टाकीचा (संडासाच्या) दिवा दोन तृतीयांश भरल्याचं दाखवतोय, पण बाहेर नळीतून नुसतं पिवळट पाणी येतंय, तेही बारीक धारेनं. व्हॉल्व्ह उघडाच असेल तर टाकी भरेल कशी?

नवऱ्याने प्लंजर मारून पाहिला, फरक शून्य. भाड्याच्या कंपनीला फोन केला तर "तुम्ही कागद जास्त टाकला असेल" म्हणाले. सासू-सासरे कागद वापरतच नाहीत, पाण्याचा मग घेऊन जातात. "आमच्यामुळे झालं का गं?" म्हणून सासूबाई बिचाऱ्या सकाळपासून पाणी प्यायच्या बंद झाल्यात.

उद्या दहाला जागा सोडायची आहे. पुढचा मुक्काम टोरी (कॅपिटॉल रीफजवळ), तिथेही सीवरची सोय आहे. त्यानंतर झायन. टाकीवर ३० गॅलन असं लिहिलंय. काय करू?

उडता_गालिचा

दोन पिशव्या बर्फ कमोडमधून टाकीत ओता आणि उद्या गाडी चालवा. खडे आपटून आपटून सगळं साफ होतं म्हणतात. माझ्या ऑफिसातल्या एकाने सांगितलं होतं, मी स्वतः केलेलं नाही.

मिरचीचा_ठेचा

ब्लीच ओतून ठेव रात्रभर. किंवा किचन सिंकसाठी मिळतं ते ड्रेन ओपनर.

चेंबरवाल्या काकू

रानवाटा, पुढचं वाचायच्या आधी बाहेर जाऊन काळ्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून या. आणि येताना सासूबाईंना पाणी द्या, त्यांचा यात काडीचा दोष नाही.

मी नोकरीभर महापालिकेच्या मलनिस्सारण विभागात होते. आता आम्ही दोघं मुलाकडे फिनिक्सला असतो आणि थंडीत जुना ट्रेलर घेऊन क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात मुक्काम ठोकतो. त्यामुळे हा विषय मला दोन्ही टोकांनी ठाऊक आहे.

घरच्या कमोडखाली वाकडा पाईप असतो, आरव्हीच्या नसतो. पेडल दाबलं की झडप उघडते, खाली सरळ तीन इंची पाईप आणि त्याखाली लगेच टाकी. तुंबलंय ते पाईपात नाही, टाकीत. म्हणून प्लंजरने काही होणार नव्हतं.

गटाराचे नकाशे करताना आम्ही आधी पाण्याचा वेग बघायचो. सेकंदाला साधारण ०.६ मीटरपेक्षा वेग कमी झाला की जड माल तळाशी बसतो, म्हणून पाईपाला उतार द्यायचा. आरव्हीची टाकी पडली सपाट. तिच्यात वेग आणायचा एकच उपाय, टाकी चांगली भरू द्यायची आणि मग व्हॉल्व्ह एका झटक्यात पूर्ण ओढायचा. तुमचा व्हॉल्व्ह सतत उघडा राहिला, मग ती गाळणी झाली. पाणी निघून गेलं, चोथा कमोडच्या बरोबर खाली साठत गेला. इथे जुने आरव्हीवाले त्याला पिरॅमिड म्हणतात, आणि तो वाढत वाढत थेट पाईपाच्या तोंडाशी येतो. खात्री करायची असेल तर पेडल दाबून धरा आणि टॉर्च मारा. ढीग दिसेल. ढिगाऐवजी काठोकाठ पाणीच दिसलं तर गोष्ट वेगळी, मग बाहेर जायच्या तोंडाशी अडकलंय. पण तुमच्या वर्णनावरून ढीगच असणार.

आज रात्री करायचं ते असं. शॉवरच्या नळाला येतं तेवढं गरम पाणी बादलीत घ्या. उकळतं नको, प्लॅस्टिक आणि रबरी सील दोन्ही खराब होतात. हातमोजे घाला, डोळ्याला चष्मा लावा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने जरा उंचावरून जोरात ओतायचं, तोंड बाजूला ठेवून. पाणी वरच थांबलं तर आधी ढिगात भोक पाडा. त्यासाठी बागेच्या जुन्या नळीचा तुकडा किंवा टोक घासलेला पीव्हीसी पाईप चालतो. लोखंडी सळई किंवा तारेचा स्प्रिंग नको, झडपेचं रबर फाटलं तर वास कायमचा मुक्कामाला येईल. पाच गॅलनच्या तीन बादल्या जाऊ द्या. पॅनलवरच्या दिव्यावर विसंबू नका, टाकीच्या भिंतीला कागद चिकटला की तो वाटेल ते दाखवतो. दर बादलीनंतर टॉर्च मारून बघा आणि पाणी पाईपाच्या तोंडाच्या चांगलं खाली असतानाच थांबा. भांडी घासायचा साबण दोन-चार चमचे टाका आणि रात्रभर तसंच ठेवा. रात्री संडासाला कॅम्पग्राउंडच्या बाथरूममध्ये जा.

सकाळी टाकी रिकामी करू नका! ते पाणी पोटात घेऊनच टोरीला निघा. १५ गॅलन म्हणजे ५७ किलोच्या आसपास, गाडीला जाणवणारही नाही. रस्त्यावर अडीच-तीन तास ते हिंदकळेल, तुम्ही हाताने काही केलंत तरी तेवढं होणार नाही.

टोरीला पोचलात की नळी जोडा. नळीला पारदर्शक कोपर (वाकडा जोड) मिळतो, नसेल तर वाटेत कुठल्याही आरव्ही सामानाच्या दुकानात घ्या. आत काय वाहतंय ते दिसल्याशिवाय आपण अंधारात. आधी काळा व्हॉल्व्ह, एका दमात पूर्ण. धार संपली की बंद करा, परत दोन-तीन बादल्या कमोडमधून, परत सोडा. कोपरात बऱ्यापैकी स्वच्छ पाणी दिसेपर्यंत हेच. शेवटी राखाडी टाकी (सिंक-शॉवरच्या पाण्याची) सोडा, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघेल. एवढं करूनही ढीग हलला नाही तर त्याच दुकानात फिरत्या तोंडाची लवचिक धुण्याची काठी मिळते, ती कमोडमधून आत घालायची. तिला प्यायच्या पाण्याची नळी जोडायची नाही, वेगळी घ्या.

गालिचा, बर्फ पाण्यावर तरंगतो हो. तळाला बसलेला माल तो घासणार कसा? तुमच्या ऑफिसातल्या गृहस्थाचं काम त्यासोबत गेलेल्या पाण्याने केलं असेल.

ठेचा, तुमचा सल्ला मात्र मागे घ्या. टाकीत लघवी आहे, तिच्यातून अमोनिया तयार होतो, त्यात ब्लीच पडलं की विषारी वायू निघतो, आणि ती टाकी बसलीय सहा माणसं झोपतात त्या खोलीखाली. ड्रेन ओपनर सीलं खातं, आणि उद्या नळी उघडताना हातावर उडालं तर कातडी जाळेल.

भाड्याच्या गाडीबरोबर वासाच्या पुड्या दिल्या असतील तर वापरा, हरकत नाही. पण त्यांनी ढीग रातोरात विरघळत नाही. जिवाणूंच्या औषधाला वेळ लागतो, ऊब लागते आणि मुख्य म्हणजे पाणी लागतं. कोरड्या ढिगावर औषध ओतणं म्हणजे पैसे ओतणं. फॉर्मल्डिहाइडवालं तर घेऊच नका, कॅम्पग्राउंडच्या सेप्टिक टाकीतले जिवाणू त्याने मरतात. बऱ्याच ठिकाणी ते चालतही नाही.

रानवाटा

काकू, तुम्ही देव आहात. टॉर्च मारला, ढीगच आहे. दोन फुटांवर. (नवरा म्हणतोय हे लिहू नकोस.) तीन बादल्या गेल्या, पहिलीला बराच वेळ लागला, नंतरच्या दोन गटागट. साबणही टाकला. एक शंका: कागद कुठला वापरायचा? आणि मगचं पाणी टाकीत गेलेलं चालतं का? सासूबाई समोरच बसल्यात, उत्तर मोठ्याने वाचून दाखवायचंय.

चेंबरवाल्या काकू

चालतं नव्हे, हवंच. इकडचे लोक पाणी वाचवायला चमचाभर पाण्यात फ्लश करतात आणि मग तुंबलं म्हणून रडतात. मगवाल्यांच्या घरात कागद कमी आणि पाणी जास्त, टाकीला याहून बरं काय? फक्त टाकी लवकर भरते, तेवढं लक्षात ठेवायचं.

कागद तपासायचा तर झाकणाच्या बाटलीत पाणी घ्या, चार तुकडे टाका, जोरात हलवा. भुगा झाला तर चालेल. लांब पट्ट्या तशाच राहिल्या तर नको, मग पाकिटावर काहीही छापलेलं असो. ओले वाइप्स "फ्लशेबल" लिहिलेले असले तरी कचऱ्याच्या डब्यात. मुलांना हे दोनदा सांगा.

टाकी रिकामी केली की संडास वापरायच्या आधी एक बादली पाणी आत गेलंच पाहिजे, तळ झाकला पाहिजे. मोठ्या कामाच्या आधी कमोड अर्धं भरायचं आणि नंतर पेडल लगेच सोडायचं नाही. आणि पेडल दाबताना बाथरूमचा पंखा बंद ठेवा. चालू असला की टाकीतली हवा वर ओढतो, निम्मा वास तिथूनच येतो.

वाळवंटात आमच्याकडे नळ नसतो, तेव्हा मी भांडी विसळलेलं पाणी बादलीत धरून ठेवते आणि फ्लशला तेच ओतते. तिथे टाकी उपसायला ट्रकही येतो, त्याला हनी वॅगन म्हणतात. आमच्या महापालिकेच्या मैलागाडीला असं नाव द्यायचं कुणाला सुचलं नाही.

पोहे_विदाउट_शेंगदाणे

काकूंना +१. राखाडी टाकीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून भर घालतो. आपल्या लोकांची ती तुंबते. चहाचा चोथा, फोडणीचं उरलेलं तेल, भाताची शितं, कढीपत्ता. काळ्या टाकीचा व्हॉल्व्ह तीन इंची असतो, राखाडीचा बहुतेक गाड्यांत दीडच इंची. तेल थंड झालं की त्या पाईपात थिजतं, त्याला चोथा चिकटतो आणि मग शॉवरच्या जाळीतून परवाची आमटी वर येते. सिंकला बारीक जाळी लावा, कढई आधी कागदाने पुसा. काळी टाकी सोडायच्या आधी राखाडीचा व्हॉल्व्ह काही वेळ बंद असायला हवा, नाहीतर नळी धुवायला साबणाचं पाणी आणणार कुठून?

हॅमिल्टनचा_हापूस

न्यूझीलंडहून. आमच्याकडच्या कॅम्परव्हॅनमध्ये बहुतेक कॅसेट असते, साधारण २० लिटरचा डबा, गाडीच्या बाहेरच्या दारातून ओढून काढायचा आणि डंप स्टेशनवर नेऊन ओतायचा. चौघांत तो दोन दिवसांच्या पुढे जात नाही, त्यामुळे ढीग व्हायला वेळच मिळत नाही. तुंबतो तो कागदाने, ओतायच्या नळकांड्यात. मग थोडं पाणी घालायचं, झाकण लावून हलवायचं आणि परत ओतायचं. ओतताना हवेचं बटण दाबून धरायला विसरलात तर गचके खात येतं आणि बुटांवर उडतं.

२०२३च्या कायद्यानंतर इथे 'सेल्फ-कंटेन्ड' (गाडीतच संडास-पाण्याची सोय असल्याच्या) प्रमाणपत्राला संडास गाडीत पक्का बसवलेला लागतो, सीटखाली सरकवलेला सुटा डबा आता धरत नाहीत. त्यामुळे बऱ्याच हौशी व्हॅनवाल्यांची धावपळ झाली.

रानवाटा

टोरीहून. झालं! पहिल्यांदा व्हॉल्व्ह ओढला तेव्हा कोपरातून जे गेलं त्याचं वर्णन करत नाही. सासरे शेजारी उभे राहून "अजून येतंय, अजून येतंय" असं धावतं समालोचन करत होते, शेजारच्या ट्रेलरमधले आजोबा खुर्ची घेऊन बघायला आले. चौथ्या फेरीला पाणी जवळजवळ स्वच्छ दिसलं. डबक आवाज बंद. सासूबाई पाणी प्यायल्या.

पण पॅनलवर अजून एक तृतीयांशचा दिवा आहे. कंपनी म्हणते परत देताना टाकी रिकामी हवी, नाहीतर दंड. हा दिवा दाखवून पैसे कापले तर? आणि झायनला वॉचमन कॅम्पग्राउंड मिळालंय, तिथे काय?

चेंबरवाल्या काकू

तो दिवा कागद बघतोय, पाणी नाही. दोन-तीन बादल्या पाणी टाकून परत एकदा प्रवास होऊ द्या, निघाला तर निघेल. न निघाला तर परतीच्या दिवशी शेवटची टाकी सोडताना कोपरातल्या स्वच्छ पाण्याचा व्हिडिओ काढा, मागे तारीख दिसणारी पावती धरा, आणि टॉर्च मारून टाकीच्या तळाचाही एक. गाडी घेताना पॅनलचा फोटो काढला असेल तर तोही शोधा, कदाचित तो दिवा तेव्हाही लागलेला असेल.

वॉचमनला जागेवर वीज मिळते, सीवर नाही. डंप स्टेशन कॅम्पग्राउंडमध्येच आहे. म्हणजे व्हॉल्व्ह बंदच राहणार, प्रश्नच नाही. सहा माणसं आणि ३० गॅलन, मोठ्या कामाला शक्यतो तिथल्या बाथरूममध्ये जा आणि निघायच्या सकाळी रांग लागायच्या आत डंप स्टेशनवर पोचा. कोपर सामानात ठेवा, गाडीबरोबर परत देऊन बसाल.